पिवळी पट्टी

“पोरी, बाळ निजलं की तूही नीज. तू दमलीस की आतला विषाणू जागा होतो,” असं नर्सबाईंनी ऋजुताच्या आणि तिच्या आईच्या दंडावर पट्टी चिकटवताना बजावलं, तेव्हा ऋजुता नुसती हसली होती. ओठांवर तापाचे फोड आणणारा हा विषाणू मज्जापेशीत मुकाट पडून असतो. पेशी शिणली की त्याची जनुकं जागी होतात आणि फोड येण्याआधीच पट्टी पिवळी पडते.

आज तिची पडली. आता तान्ह्याचा पापा घेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

“आण इकडे, मी घेते,” आई म्हणाली.

“आई, तुझीही पिवळीच आहे!”

“हळद लागलीय गं. मला काय धाड भरलीय?”

ऋजुताने ओल्या फडक्याने पुसलं. हळद निघाली, पट्टी पिवळीच राहिली. दोघींच्या मध्ये बाळ रडत होतं.

तुमच्याकडे बाळंतीण असेल, तर तिच्यासाठी राबणाऱ्या बाईचीही पट्टी जरा बघून या हो.