मास्तरांची दाढी

मास्तरांची लेक दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि सलूनवाल्याने हातातली कात्री खाली ठेवली. आली शेवटी! वर्षभर तो हिचीच वाट बघत होता.

साथीत सगळं बंद असताना त्याने मास्तरांना मागच्या दाराने आत घेतलं होतं. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणणार? शटर खाली ठेवून दाढी केली, तुरटी फिरवली. नवव्या दिवशी मास्तर गेले. बाराव्या दिवशी त्याची बायको गेली. रोग आपल्याच हातांनी दोन्ही घरी पोचवला, हे त्याने मनाशी पक्कं धरलं. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तेव्हापासून वस्तरा धरायला हात धजेना. केस तेवढे कापायचा. कुणी दाढीचं नाव काढलं की म्हणायचा, "वाढू द्या की, साधू दिसाल!" लोक हसायचे. गिऱ्हाईक उठलं की हा मोरीत हात धुवत बसायचा. सालं निघाली तरी धुवायचा.

"दादा, जरा बोलायचं होतं," लेक म्हणाली.

आता ही चारचौघांत आपली अब्रू काढणार. काढू दे, त्याला वाटलं. एकदाचं सुटू दे.

पण रडू तिलाच फुटलं.

"बाबांना तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवसापासून ताप होता. दाढीशिवाय त्यांना चैन पडेना. मीच म्हटलं, गोळी घ्या आणि जाऊन या, तापाचं मात्र बोलू नका. बाबा वारले, मग आम्ही शहरच सोडलं. वर्षभर झोप नाही मला, दादा."

म्हणजे रोग इथून गेला नव्हता, इथे आला होता. सलूनवाल्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग बायको आठवली आणि असा संताप आला की हिला पायरीवरूनच हाकलून द्यावंसं वाटलं. त्याने वर बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, नखं मुळापर्यंत कुरतडलेली. असला चेहरा तो वर्षभर आरशात बघत होता, आणि आरसे तर दुकानभर होते.

"तुमच्या घरी कुणाला काही झालं नाही ना?" तिने घाबरतच विचारलं.

"छे, सगळे सुखरूप," तो म्हणाला. "बायको आत्ताच डबा देऊन घरी गेली."