चार ते सव्वाचार

माझ्या सुनेला विसावासुद्धा घड्याळ लावून घ्यायचा असतो. दोन दिवस पोरं थीम पार्कच्या पाळण्यांत गरगरली, आज आरामाचा दिवस, तर हिने हॉटेलच्या कपाटावर कागद चिकटवला. नातीने वाचून दाखवला, "दहा ते अकरा चित्रं. चार ते सव्वाचार आजीशी गप्पा."

मला पंधरा मिनिटं! दिवसभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. चारला नातवंडं औषध पाजायला बसवल्यासारखी समोर बसली. मी गप्पांऐवजी बटव्यातले सागरगोटे फरशीवर टाकले.

सव्वाचारला सुनेचा मोबाइल ओरडला. तोवर तीही खाली बसून गोटे झेलत होती. डाव न मोडता तिने डाव्या हाताने तो गप्प केला.

"हात बरा आहे तुझा," मी म्हणाले, "पण ती पंधरा मिनिटं मी विसरायची नाही. खेळ आता."