गंज

गंज आधी कुठे धरतो हे त्याला पाठ होते. पाणी जिथे रेंगाळते तिथे: सांध्यांच्या खाली, स्क्रूभोवती, मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला. अंगणात उकिडवा बसून तो मुलीच्या कोऱ्या निळ्या सायकलवर बारीक कुंचल्याने गंज रंगवीत होता. तीस वर्षे त्याने नाटकांचे पडदे आणि देखावे रंगवले होते. लाकडी पट्ट्यांचे त्याने तुरुंगाचे गज केले होते, पुठ्ठ्याची पडकी भिंत केली होती. ही तर साधी सायकल होती.

मुलगी पायरीवर बसून मुकाट्याने पाहत होती. ती परिचारिका होती. सकाळी सहाला वॉर्डात हजर व्हायचे आणि पहिली बस निघायची साडेसहाला. सायकल नसेल तर नोकरी टिकणार नव्हती. इमारतीच्या उघड्या अंगणातून महिनाभरात दोन सायकली गेल्या होत्या. मागे राहिली होती ती फक्त कापलेली कुलपे.

"बाबा, एक दिवस तरी मला ती निळी चालवू द्यायची होती," ती म्हणाली.

त्याने तिची समजूत घातली. रंग मेणात कालवला आहे, पाण्याने जायचा नाही. पण नकोसा झाला की तेलाचे फडके फिरवायचे, खाली निळा जसाच्या तसा असेल. सीटला त्याने उसवल्यासारखी भेगही काढली. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मैत्रिणींनी विचारले, ही सायकल आजोबांनी आंदण दिली की काय. तिने ते हसण्यावारी नेले. सायकल मात्र चोरीला गेली नाही.

पुढच्या दोन रविवारी अंगणात रांग लागली. शिक्षक आले, शिंपी आला, सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः आपली सायकल हाताने ढकलत आले. पेंटरने अकरा सायकली गंजवल्या. लोक वाकून पाहत, बोट लावत आणि बोटाला काही लागले नाही की वाहवा करीत. नाटकात त्याच्या भिंतीला कधी कोणी टाळी वाजवली नव्हती. त्यामुळे तो जरा जास्तच रंगात आला होता.

शेवटी रखवालदार आला. त्याची सायकल बावीस वर्षांची होती. रोज पहाटे कामावर आला की तो आधी ती तेलाच्या फडक्याने पुसायचा, मग फाटक उघडायचा. तिचा काळा रंग पातळ झाला होता, पण तिच्यावर धुळीचा कण सापडला नसता.

"पेंटरसाहेब, माझ्या सायकललाही थोडा लावा ना."

"काका, तुमच्या सायकलला कोण हात लावणार?" पेंटर कुंचला धूत म्हणाला. सगळे हसले. रखवालदारही हसला, आणि सायकल पुन्हा भिंतीशी नेऊन त्याने तिला कुलूप घातले.

मंगळवारी भर दुपारी तीच गेली. सेक्रेटरींनी टाकी वाहतेय का ते पाहायला रखवालदाराला गच्चीवर पाठवले होते. तो खाली आला तेव्हा भिंतीशी कापलेले कुलूप पडले होते. अकरा गंजलेल्या सायकली ओळीने उभ्या होत्या.

संध्याकाळी जिन्याखाली बैठक भरली. तेलाचे फडके हातात धरून रखवालदार फाटकाशी उभा होता. आज तो दोन तास चालत घरी जाणार होता. सेक्रेटरी म्हणाले की ज्याला स्वतःची सायकल राखता येत नाही, तो आपल्या काय राखणार. पहिल्या तारखेपासून दुसरा माणूस पाहावा. माना हलल्या. टाकीचा विषय कोणी काढला नाही.

पेंटर अंगणाकडे पाहत होता. ही मांडणी त्याच्या ओळखीची होती. नव्या पोरांना तो तीस वर्षे एकच गोष्ट शिकवत आला होता.

तो उठला. "रंगमंचावर एखादी वस्तू उठून दिसायला हवी असेल," तो सावकाश म्हणाला, "तर तिला हात लावायचा नसतो. मागचं सगळं मळवायचं असतं. काकांची सायकल चोराला मी दाखवली. ते मागत होते, तरी मी त्यांना नाही म्हटलं."

मग सेक्रेटरींचा चेहरा खुलला.

"म्हणजे तुमचा गंज पक्का कामाचा आहे म्हणायचा."

लोक हसले. शिक्षकांनी मागचे चाक जरा फिकट वाटते, तिथे आणखी एक हात मारून द्याल का, असे विचारले. रखवालदाराबद्दलचा ठराव वहीत लिहिला गेला.

मुलगी तेवढ्यात कामावरून परतली होती. फाटकात सायकल धरून तिने सगळे ऐकले होते. तिने स्टँड लावला आणि रखवालदारापुढे हात केला.

"काका, तुमचं फडकं द्या जरा."

त्याने दिले. तिने ते आडव्या दांड्यावरून एकदा फिरवले. टीचभर निळा रंग उघडा पडला आणि अकरा गंजलेल्या सायकलींच्या ओळीपुढे तो पार रस्त्यापर्यंत दिसू लागला. जिन्याखालचे लोक वळून पाहू लागले. आपल्या पोरीने चोराला काय दाखवायला घेतले आहे, हे तिथे पेंटरइतके कोणालाच कळत नव्हते.

तो तिच्याजवळ गेला. वाकून त्याने चाक निरखले.

"स्पोकवरचा रंग नुसत्या फडक्यानं निघायचा नाही," तो म्हणाला, आणि टर्पेंटाइनची बाटली आणायला जिना चढू लागला.