उजवा तळवा

जंगलूच्या उजव्या पायाचा तळवा मऊ होता. खाली पडलेली ओली पट्टी उचलायला सुमती वाकली, तेव्हा तिला तो जवळून दिसला. तिने अंगठ्याने टाच दाबून पाहिली. कातडी पातळ, रेघांत मातीचा कण नाही. मग तिने डावा तळवा पाहिला. तो काळा, टणक आणि टाचेला भेगाळलेला होता. दोन्ही तळवे जन्मभर अनवाणी हिंडलेल्या एकाच लाकूडतोड्याचे होते.

मिठाच्या पाण्यात पट्टी पुन्हा बुडवून तिने ती त्याच्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला बांधली आणि करंट देणाऱ्या यंत्राची कळ दाबली. पाऊल चटकन वर आलं. कळ सोडली, तसं ते खाली लटकलं.

आता तुम्ही उचला, असं तिने सांगितलं. जंगलू नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत राहिला. पाऊल हललं नाही.

गिरडच्या जंगलात सागाचा ओंडका घसरून त्याच्या गुडघ्याखाली आदळला होता. हाड वाचलं, नस चेचली गेली. सुरुवातीला त्याचा स्नायू फक्त संथ करंटला हलायचा, तोही झोपेतून उठल्यासारखा. दिवाळीनंतर एके सकाळी तो तुटक झटक्यांच्या करंटला उडाला. नस मेलेली असेल तर स्नायू त्या करंटला दाद देत नाही. त्या दिवशी सुमती घरी जाताना वाटभर स्वतःशीच गुणगुणत होती. पण होळी तोंडावर आली, तरी जंगलूला आपणहून पायाचं बोटसुद्धा उचलता येत नव्हतं.

सकाळीच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं. यंत्र म्हणतं नस जिवंत आहे, माणूस म्हणतो पाय मेलाय. दोघांतलं एक खोटं बोलतंय आणि यंत्राला खोटं बोलायचं काही कारण नाही, असं ते म्हणाले. आज फरक दिसला नाही तर उपचार बंद. सुमतीचा जंगलूवर विश्वास होता. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे, हे ती कॉलेजात शिकली होती. तळवा मात्र पुरावा होता: हा पाय खरंच जमिनीला लागत नव्हता.

जंगलूची बायको रामबाई दाराशी बसली होती. हे घरी कितपत चालतात, असं सुमतीने तिला विचारलं.

रामबाईने डोळे मोठे केले. "चालतीन कसे? तुमीच त म्हनलं होतं ना बाई, पाय जमिनीले लावू नका."

सुमतीचा हात कळीवरच राहिला. यंत्र भिंतीतल्या विजेवर चालायचं आणि फरशी बहुतेक ओलीच असायची. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक रोग्याला ती हे वाक्य सांगायची. यंत्र चालू असेपर्यंत, हे शब्द ती नेहमी जोडायची; पण ते कसे, तर पुढच्या रोग्याकडे वळता वळता.

रामबाईने ते वाक्य घरी नेलं होतं. पाय टेकला की करंट जमिनीत उतरतो, हे तिने कापसाच्या जिनातल्या वायरमनला विचारून पक्कं करून घेतलं होतं. मग जंगलू बाजेवर, बाजेखाली पाट, आंघोळीला पाट; घरात हलायचं तर डाव्या पायावर लंगडी घालत. दवाखान्यात यायला जामच्या फाट्यावर मोटार धरायची तर रामबाईच्या पाठीवर. नवऱ्याची पालखी निघाली, असं शेजारणी म्हणायच्या. तिने कोणाला भीक घातली नाही. पाय विजेने पुरता भरला की बाईच सांगतील, एवढंच तिला ठाऊक होतं.

सुमतीने यंत्र बंद केलं. करंट अंगात साठत नाही, कळ सोडली की तो गेला, हे तिने सावकाश समजावून सांगितलं. यंत्र फक्त नस जागी करतं, पाय चालून चालूनच शिकतो. सांगण्यात आपण कमी पडलो, हेही ती म्हणाली. आता रामबाई रडेल, असं तिला वाटलं.

रामबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हंजे एवढे दिवस मी या रेड्याले फुकटच वाह्यलं?"

सुमतीलाही हसू आवरेना. छातीवरचा दगड कोणीतरी बाजूला केल्यासारखं तिला वाटलं. यंत्र खोटं नव्हतं, माणूसही खोटा नव्हता. न चालवलेला पाय चालणं विसरला होता, एवढंच. मोठ्या डॉक्टरांना हे सांगता येण्यासारखं होतं.

जंगलू तेवढा हसत नव्हता. तो आज पहिल्यांदाच खिडकी सोडून आपल्या पावलाकडे बघत होता.

"मले ठाऊक होतं, बाई," तो म्हणाला.

रामबाईचं हसू थांबलं.

"मशीन चालू असेपर्यंतच, असं म्हनलं होतं तुमी. मी आयकलं होतं. पन ही उचलत गेली, मी उचलू देत गेलो. इथंई तुमी उचला म्हना, त मी जोरच नाई लावला कधी. जोर लावला अन् तरी लटकलाच असता, त मंग हिच्यापाशी कोनती आस राह्यली असती?"

सुमतीने पट्टी सोडली, नडगी कोरडी पुसली. रामबाई उठली आणि सवयीने त्याच्याकडे पाठ करून वाकली.

जंगलूने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हलकेच बाजूला सारलं.

"सरक वो. मोटारीपर्यंत आज मी पायी येतो."