दोन हॉर्न

दिवस उजाडला, तरी कर्नालच्या रस्त्यावर धुकेच उगवले होते. दौलतच्या उघड्या ट्रेलरवर साखळ्यांनी बांधलेला पोलादाचा रोल होता आणि डोळ्यांसमोर पुढच्या ट्रकचा एकच लाल दिवा. धुक्यात सगळेच ड्रायव्हर असे चालतात, पुढच्याच्या दिव्यावर डोळे सोपवून.

पाहता पाहता त्या लालीत त्याला साताऱ्याजवळचा आपला फाटा दिसू लागला. रस्त्यालगतच घर, पण थांबायला सवड नसे. जाताना तो दोन हॉर्न वाजवायचा आणि अंगणातून तीन वर्षांची लेक हात हलवायची. बायको परवाच फोनवर म्हणाली होती, "बाबा कुठंयत विचारलं, की पोरगी तोंडानं हॉर्न वाजवते. चेहरा विसरलीय तुमचा."

लाल दिवा डावीकडे वळला, तोही वळला. चाकांखालची वाट मऊ झाली. दिवा थांबला आणि धुक्यातून एक म्हैस निवांतपणे काचेजवळ आली.

पुढच्या ट्रकमधून उतरलेले सरदारजी हसत होते. "वीरा, भावा, मी तर माझ्या घरी आलो. तू कुठे निघालास?" त्यांच्या कडेवर एक मूल केव्हाच चढले होते, दाढीत बोटे खुपसून.



आठव्या दिवशी साताऱ्याच्या फाट्यावर रिकामा ट्रेलर हॉर्न न वाजवता थांबला. अंगणातली मुलगी समोरच्या अनोळखी माणसाकडे टक लावून पाहत राहिली. त्याने गुडघ्यांवर बसून, तोंडाने, हळूच दोन हॉर्न वाजवले.

तिने हात हलवला.