उठाबशा

‘विशीतल्या पोरीचा गुडघा दुखत नसते. पाव्हण्यायसमोर तोंड उघडू नको,’ असं आई रुपाबाईनं मंजूला सकाळीच दटावलं होतं.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मुलाची आई आली, सतरंजीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, ‘आमाले ऊस तोडाले सून पायजे, घरात मिरवाले नाही. जरा उठाबशा काढून दाखव.’

मंजूनं दात आवळून काढल्या. दर वेळी खाली बसताना गुडघ्याच्या वाटीखाली कोणी खिळा ठोकावा तशी कळ येत होती. बाई खूश झाली. सगळे चहाला बसले. नवरामुलगा राजपाल तेवढा एक पाय सैल सोडून दाराला टेकून उभा होता. तसं उभं राहणं मंजूच्या ओळखीचं होतं.

‘आता तुमच्या पोराले खाली बसवा,’ ती त्याच्या आईला म्हणाली. ‘आल्यापासून उभाच हाय.’