पुठ्ठ्याचा मुकुट

आमच्या वाचनमंडळाची रीतच आहे: राजे-राक्षसांच्या त्या कादंबरीमालेचा नवा खंड येण्याआधी प्रत्येकानं तर्क सांगायचा, ज्याचा खरा ठरेल त्यानं पुठ्ठ्याचा मुकुट घालायचा. आजवर तो शिंपीकाकांच्याच डोक्यावर होता. शेवटच्या खंडाआधी कथेत एक भाकीत आलं होतं, ‘मुकुट धुळीत पडेल तेव्हा युद्ध थांबेल.’ “शत्रूचाच मुकुट!” काका म्हणाले. “नाही बाबा,” त्यांची लेक म्हणाली, “आपलाच राजा मुकुट उतरवून शत्रूशी हातमिळवणी करेल.” “नाक कापशील माझं!” सगळे हसले, पण ती हटली नाही. आज काकाच शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचत होते. राजानं मुकुट शत्रूसमोर धुळीत ठेवला, शत्रूनं तलवार म्यान केली... काकांनी पुस्तक खाली ठेवलं. लेकीनं मान खाली घातली. काकांनी स्वतःचा मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला. तो कानांपर्यंत घसरला. “बघताय काय? टाळ्या वाजवा! मला हरवायला माझीच पोरगी लागते!”